तळघरातली चव

"आंबट आहे," देगलूरकर सर म्हणाले आणि त्यांनी ग्लास माझ्याकडे दिला. "तू बघ."

मी त्यांच्या स्टुलावर बसले, ग्लासावर नाक नेलं आणि एक घोट घेतला. जिभेच्या कडांना टोचल्यासारखं झालं, नाकात झिणझिण्या आल्या. चार नंबरच्या टाकीतली बीअर होती. अजून तयार व्हायची होती, पण असं टोचायचं तिला काही कारण नव्हतं.

"आहे," मी म्हणाले.

"आणि मघाशी वर घेतलीस तेव्हा?"

"वर नव्हती सर. वर अगदी स्वच्छ लागली."

"याच नळाची?"

"याच नळाची. मीच भरून नेली होती."

सरांनी ग्लास दिव्यासमोर धरला, फिरवून पाहिला आणि उरलेली बीअर टाकीखालच्या नालीत ओतली. "मग कंधारकर, कुणीतरी खोटं बोलतंय. एक तर ही बीअर, नाही तर आपल्या जिभा." आणि ते हसले. पण ते हसणं काही मला आवडलं नाही.

ही गोष्ट माझ्या लग्नाआधीची. औरंगाबादच्या औद्योगिक वसाहतीत आमचा बीअरचा कारखाना होता, आणि तिथल्या प्रयोगशाळेत मी नुकतीच लागले होते. माझं मुख्य काम चाखण्याचं. सरांनी मुलाखतीत माझ्यापुढे पाण्याचे सहा ग्लास ठेवले होते आणि त्यातल्या एकात लवंगेचा एक थेंब होता, तो मी नुसत्या वासावरून उचलला. झालं, नोकरी पक्की. आईनं मात्र शेजारीपाजारी मी औषधाच्या कंपनीत आहे असं सांगून ठेवलं होतं. मला बघायला आलेल्या एका पाहुण्यांना माझ्या धाकट्या भावानं "ताई दररोज अकरा वाजता बीअर पिते, पण पगार घेऊन" असं सांगितलं, त्या दिवशी घरात जे रामायण झालं ते विचारू नका. बरं, नोकरीचे नियम म्हणाल तर सोवळ्यापेक्षा कडक. गजरा नको, वासाचं तेल नको, पावडर नको, सकाळी कांदा-लसूण नको. आमच्या सोसायटीत सगळ्यांत सात्त्विक राहणारी मुलगी मीच होते.

सर म्हणजे आमचे मुख्य ब्रूमास्टर, बीअर बनवण्याचं सगळं काम त्यांच्या देखरेखीखाली. उंच, किडकिडीत, कपाळाला गंध, मूळचे देगलूरचे. मी कंधारची, म्हणजे आम्ही एकाच जिल्ह्याचे. एवढ्या कारणावरून त्यांनी मला लेकीसारखं वागवलं आणि लेकीसारखंच रागावलंही. त्यांनी मला पहिली गोष्ट शिकवली ती ही, की जीभ कधी एकटी चाखत नाही. एकदा त्यांनी ऑफिसातल्या सगळ्या कारकुनांना एकाच पिंपातली बीअर तीन ठिकाणी पाजली. एकदा वरच्या, चाखण्यासाठीच केलेल्या पांढऱ्या खोलीत, एकदा कॅंटीनमध्ये मिरचीची भजी तळत असताना आणि एकदा मागे जनरेटरच्या धडधडाटात. त्या तीन वेगवेगळ्या बीअर आहेत असं सगळ्यांनी शपथेवर सांगितलं. कॅंटीनमधली गोड, जनरेटरजवळची कडू, पांढऱ्या खोलीतली पाणचट. "भोवतालचा उजेड, वास, आवाज, सगळं त्या घोटाबरोबर पोटात जातं," सर म्हणायचे. "म्हणून आधी जागा ओळखायची, मग बीअर."

त्यासाठी त्यांचा एक रिवाज होता. बीअर आधी तळघरात, टाकीजवळ बसून, तिच्या घरी चाखायची. मग तोच नमुना वर पांढऱ्या खोलीत न्यायचा. तळघराची थंडी आणि ओलसर वास मनातून वजा करायचा, पांढऱ्या खोलीचा कोरेपणा वजा करायचा, आणि जे उरेल ते दोन्हीकडे सारखं यायला हवं. सरांचं ते वर्षानुवर्षं सारखं येत होतं.

त्या एप्रिलमध्ये ते येईना.

उन्हाळा भयंकर होता. आमचं तळघर उताराच्या जमिनीत अर्धं पुरलेलं होतं. उत्तरेच्या भिंतीला, टाक्यांच्या मागे, अगदी जमिनीलगत लोखंडी जाळ्या होत्या आणि त्या बाहेरच्या उतारावर उघडत. त्यांतून खालची गार हवा निसटून जाते, गारव्याच्या मशीनवर ताण येतो, विजेचं बिल फुगतं, हे आमच्या मॅनेजरांनी, रणदिवे साहेबांनी, शोधून काढलं. साहेब मुंबईहून नवेच आले होते आणि काटकसरीत त्यांचा कोणी हात धरला नसता. त्यांनी सुतार बोलावून सगळ्या जाळ्यांवर बाहेरून थर्मोकोल आणि प्लायवूड ठोकून घेतलं. तळघर खरंच गार राहायला लागलं. बाहेरच्या गटाराचा वास यायचा तोही थांबला. सरांनी स्वतः साहेबांचं कौतुक केलं. छताला पंखा होता, तो वरची हवा खेचत होता, त्यामुळे कुणाला काही वावगं वाटलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी चार नंबरची टाकी तळघरात आंबट लागायला लागली.

मी प्रयोगशाळेत सगळं तपासलं. आम्लता ठीक. जंतू नाहीत. पुन्हा तपासलं, पुन्हा तेच. सरांनी तीन नंबरची चाखली, तीही आंबट. पाचची चाखली, तीही. वर नेल्या की तिन्ही निर्मळ. सर सरळ माणूस, मनात ठेवता येत नाही, त्यांनी हे साहेबांना जाऊन सांगितलं. झाली का पंचाईत!

रणदिवे साहेब माझ्यासमोरच म्हणाले, "सर, प्रयोगशाळा सांगते बीअर चांगली आहे. वर तुम्हीच सांगता चांगली आहे. मग बिघाड कशात राहिला?"

साहेबांनी समोरची फाईल मिटली.

"वय होतं माणसाचं. त्यात लाज कसली? सोमवारी हेड ऑफिसचे लोक येतायत. तुम्ही त्यांच्यासमोर खाली चाखा, वर चाखा. जुळलं तर उत्तम. नाही जुळलं तर चाखायचं काम कंधारकर बघतील, तुम्ही स्टोअर सांभाळा. निवृत्तीला उरलंय किती?"

बाहेर आल्यावर सर जिन्यात थांबले. "तीस वर्षं ही जीभ सांभाळली गं. पान नाही खाल्लं, तंबाखू नाही, गरम चहासुद्धा फुंकून फुंकून प्यायलो. आणि आता गोडाऊनात खिळे मोजायला बसू?" मला त्या साहेबाचा असा राग आला की काय सांगू. पण खरी भीती मला वेगळीच वाटत होती, की जीभ गेली असेल तर माझीही गेली असणार, कारण मलाही तसंच लागत होतं. आणि माझं तर वय झालेलं नव्हतं.

"सर, तुम्हीच म्हणता ना, जागा चव बदलते? खाली काहीतरी बदललंय," मी म्हणाले.

त्यांचा चेहरा उजळला. "शाब्बास. मग ते काय, हे शोधायचं. एकेक गोष्ट काढून टाकायची."

आणि तो आठवडाभर आम्ही तळघरातून एकेक गोष्ट काढत गेलो. आधी फिनेल बंद केलं आणि फरशी नुसत्या पाण्यानं धुवून घेतली. बीअर आंबटच. मग पिवळा दिवा काढून पांढरा लावला. मग काचेचे ग्लास बदलले, कोपऱ्यातल्या रबरी नळ्या उचलून बाहेर टाकल्या, सरांनी लोकरीचा स्वेटर काढून ठेवला. काही उपयोग नाही. उलट दिवसागणिक चव तीव्र होत होती. सर तळघरात पूर्वीपेक्षा जास्त वेळ बसायला लागले. वर आले की कपाळ दाबत. माझंही डोकं दुखायचं, जिना चढताना धाप लागायची. काळजीनं होतंय असं आम्ही दोघंही म्हणत होतो.

एक शोध मात्र सरांना लागला आणि त्यावर ते खूश होते. उभं राहून चाखली तर बीअर कमी आंबट लागते, बसून चाखली तर जास्त, आणि खालच्या नळाशी वाकून चाखली तर सगळ्यांत जास्त. "बसण्याचा परिणाम जिभेवर होतो, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही," असं ते उत्साहानं सांगत होते, आणि मीही मान डोलावत होते.

तळघराची देखभाल काशिनाथ दांडगेकडे होती. पैठणकडचा गडी, अंगानं दांडगाच. तो एकदा जिन्याच्या तोंडाशी भेटला, हातात केरसुणी आणि सुपलीत चार-पाच मेलेल्या पाली.

"हे कुठून आणलंस?"

"खालून. नालीच्या कडंला पडल्यात." त्यानं आवाज खाली आणला. "मॅडम, तुमच्या ध्यानात आलं का? खाली उंदीर नाई राहिला एक बी. आधी लई होते. मांजर बी पायरीवर बसून वरडती, खाली उतरत नाई."

"मग बरंच झालं की. औषध टाकलं असेल कुणी."

"कुणी नाई टाकलं. मीच टाकतो ना औषध, मला माहीत नाई का?" तो तळघराच्या दाराकडे बघत राहिला. "जागा बरी नाई वाटत मला. देगलूरकर सायेबांना म्हणावं, नका बसू तिथं इतका वेळ."

मी ते सरांना सांगितलं. सर म्हणाले, "दांडग्याला सगळीकडे भूत दिसतं."

सोमवारी हेड ऑफिसचे लोक यायचे, म्हणून आम्ही रविवारीही गेलो. कारखाना बंद होता. एप्रिलचं ऊन पांढरंफटक पडलेलं, आवारात चिटपाखरू नव्हतं, फक्त बॉयलरवरची दोन माणसं, फाटकावर पहारेकरी आणि दांडगे. आदल्या दिवशी आणखी दोन टाक्या भरल्या होत्या. त्या जोरात आंबत होत्या, जिना उतरतानाच त्यांचा रटरट आवाज ऐकू येत होता.

सरांनी त्या दिवशी नवीन कपडे घातले होते, साबणाशिवाय धुतलेले. शेवटची एक गोष्ट काढायची राहिली आहे, असं ते म्हणाले.

"कोणती?"

"दार. वरच्या हॉलचा वास दारातून खाली येतो. रंगाचा, वंगणाचा. आज दार बंद ठेवून चाखू. या खोलीत बाहेरचं काही म्हणजे काही येता कामा नये."

त्यांनी स्टूल चार नंबरच्या टाकीशी, खालच्या नळाजवळ ओढलं. मी तांब्यातलं पाणी तोंडात घेऊन चूळ भरली, दोन घोट प्यायले, आणि मग बीअर घेतली. इतकी आंबट की डोळ्यांत पाणी आलं. डोकं गरगरलं. मी टाकीला धरलं.

"तू वर जा," सर म्हणाले. "हा नमुना घेऊन जा आणि पांढऱ्या खोलीत चाख. मी इथं चाखतो. पंधरा मिनिटांनी ये, आपण दोघांचं जुळवू. आणि जाताना दार नीट ओढून घे."

मी एका हातात नमुन्याचा जग घेतला, दुसऱ्या हातात तो पाण्याचा तांब्या. दार जड होतं, ते ओढून घेतलं, खिटी पडल्याचा आवाज आला.

वर पांढऱ्या खोलीत पोचेपर्यंत मला धाप लागली होती. खिडकीतून गरम वारा येत होता, तो अंगावर घेतला तेव्हा जरा बरं वाटलं. चाखण्याआधी चूळ भरायची म्हणून मी तांब्यातलं पाणी तोंडात घेतलं.

पाणी गोड लागलं. साधं, सपक, नळाचं पाणी.

मी थांबले. पुन्हा एक घोट घेतला. आणि मग मला आठवलं की हेच पाणी, ह्याच तांब्यातलं, खाली मघाशी मला टोचलं होतं. सोड्यासारखं. ते टोचलं होतं आणि मी त्याकडे लक्षसुद्धा दिलं नव्हतं, कारण मी बीअर चाखायला बसले होते, पाणी नव्हे.

बीअर नव्हती आंबट. खाली जे काही तोंडात घ्याल ते आंबट होणार होतं, कारण तोंडात आधीच काहीतरी भरलेलं होतं. आंबताना टाक्यांतून जो सोड्यातलाच गॅस निघतो, जो जड असतो आणि जमिनीवर साचतो, जो त्या जाळ्यांतून उतारावर वाहून जायचा, तो आता कुठं जात होता? कुठंच नाही. उंदीर गेले, पाली गेल्या, मांजर पायरीवर थांबलं.

आमच्या कंधारच्या घरी ज्वारीचं पेव होतं, जमिनीखालचं. ते उघडलं की दिवसभर तसंच ठेवायचं आणि मग आत कंदील सोडायचा. कंदील विझला तर उतरायचं नाही, हे शेंबड्या पोरालाही माहीत असायचं. मला माहीत होतं. देगलूरच्या सरांना तर माझ्याहून जास्त माहीत होतं. पण आम्ही दोघं आठवडाभर चवीत दोष शोधत होतो. ज्या हवेत श्वास घेत होतो तिच्याकडे आमचं नाकच वळलं नाही.

मी जिन्यावरून कशी उतरले ते मला आठवत नाही. ओरडत होते एवढं आठवतं. दांडगे धावत आला. दोघांनी मिळून दार उघडलं.

सर खाली दिसत होते. स्टुलावरून घसरून टाकीला टेकून बसले होते, मान छातीवर. ग्लास शेजारी फरशीवर नीट ठेवलेला, भरलेला.

"सायेब!" दांडगे दोन पायऱ्या उतरलासुद्धा. मी त्याची कॉलर मागून धरली.

"दांडगे, नको! खाली हवा नाहीये."

"सोडा मॅडम! जित्ते हायेत ते! हात हलला, बघा की!"

हात हलला होता. मीही पाहिलं. उजव्या हाताची बोटं, ग्लासाच्या बाजूला, जरा उघडली आणि मिटली. देवा, ते मी पाहिलं आणि तरी त्याला सोडलं नाही. सोडला असता तर तो त्यांच्यापर्यंत पोचला असता आणि तिथंच आडवा झाला असता, आणि मग त्याच्यामागे मी. पहारेकरी आला, त्याच्या केबिनमध्ये कंदील होता, तो मी पेटवून मागवला आणि दोरीला बांधून जिन्यावरून सोडला. चौथ्या पायरीशी ज्योत बारीक झाली. सहाव्या पायरीशी गेली. कुणी फुंकर मारल्यासारखी.

दांडगेनं ते बघितलं आणि तो आपणहून दोन पायऱ्या मागे आला.

"पहार घे," मी म्हणाले. "बाहेरून जाळ्यांवरचं प्लायवूड तोड. सगळं. पळ!"

तो पळाला. बॉयलरवरची माणसंही धावली. भिंतीपलीकडून ठोकण्याचा, फळ्या फाटण्याचा आवाज येत होता आणि मी जिन्याच्या तोंडाशी बसून, दोरी हातात धरून, सर, सर, म्हणून हाका मारत होते. ते बसले होते तिथून जेमतेम पंधरा पावलांवर. बोटं पुन्हा हलली नाहीत. माझ्या आयुष्यात मी एवढी वाट कधी बघितली नाही. एकेक फळी निघत गेली तसतसा टाक्यांच्या मागे उजेड दिसायला लागला, मग बाहेरचा गरम वारा आत शिरला, आणि खूप वेळानं कंदील खालपर्यंत पेटता राहिला. तेव्हा आम्ही उतरलो. दांडगेनं सरांना लहान पोरासारखं उचललं आणि वर आणून कडुलिंबाखाली निजवलं. बॉयलरवरच्या एकानं त्यांची छाती दाबली, तोंडात हवा फुंकली. फार उशीर झाला होता.

रणदिवे साहेब जवळच कंपनीच्या बंगल्यात राहायचे. ते चपलांवरच आले. खाली कंदील विझला होता, हे त्यांना पहारेकऱ्यानं फाटकावरच सांगितलं होतं. वसाहतीतली पाच-पंचवीस माणसं जमली होती. साहेबांनी सरांकडे बघितलं, मग कुणीतरी वर आणून ठेवलेल्या त्या ग्लासाकडे.

"रविवारी. दार बंद करून," ते हळू म्हणाले, पण सगळ्यांना ऐकू आलं. "आता हेड ऑफिसला मी काय सांगू? माणूस पीत बसला होता म्हणून? जीभ गेली होती, ते मनाला लागलं असणार."

गर्दीत कुजबुज झाली. एकजण दुसऱ्याच्या कानाशी लागला. मला कळलं की उद्या सकाळी गावभर हेच होणार. देगलूरकर पिऊन मेला. आयुष्यात दोन घोटांच्या पुढे न गेलेला माणूस.

मी उठले. पांढऱ्या खोलीतून तो तांब्या घेऊन आले आणि साहेबांसमोर धरला.

"साहेब, सरांची जीभ गेली नव्हती. ते बरोबर सांगत होते, खाली सगळं आंबट लागतं. तुम्ही बघून या. बीअर नको, हे साधं नळाचं पाणी आहे. चार नंबरच्या टाकीशी, स्टुलावर बसून एक घोट घ्या. गोड लागलं, तर सर पिऊन मेले असं लिहा. मी खाली सही करते."

दांडगे माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.

साहेबांनी तांब्या घेतला. न घेऊन सांगतात कुणाला, पंचवीस माणसं बघत होती. ते तळघराच्या दाराशी गेले आणि पहिल्या पायरीवर त्यांनी पाय ठेवला. खालून गार हवा वर येत होती.

तोवर सगळ्या जाळ्या उघड्या होत्या. वारा चांगला वाहत होता, आम्ही पाच जण तिथून जाऊन आलो होतो. ते उतरले असते तर त्यांना काही झालं नसतं. पाणी गोडच लागलं असतं, आणि मी हरले असते. सर तर दुसऱ्यांदा मेले असते. हे मला माहीत होतं. तरी मी त्यांच्या पाठीवरची नजर काढली नाही.

साहेब पायरीवर उभे राहिले. पाठमोरे, बराच वेळ. मग त्यांनी घोट न घेताच तांब्या तिथंच खाली ठेवला आणि सगळ्यांच्या देखत मागे वळले.